आई, बारावी आणि श्टुटगार्ट

पत्र थोडक्यात असं आहे:

ताई, नमस्कार. मी चिंचवडला राहतो, वय ५१. डिप्लोमा झाल्यापासून २६ वर्षं एकाच कंपनीत मेंटेनन्सला आहे. आमची मूळ कंपनी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. तिथे आमच्यासाठी नवी मशीनिंग लाईन उभी राहतेय. ती तिथे चालवून, शिकून मग इकडे आणायची, म्हणून मला वर्षभरासाठी पाठवायचं चाललंय. सप्टेंबरात निघायचं. पासपोर्ट आहे, पण त्यावर एकही शिक्का नाही. इंग्रजी कामापुरतं, जर्मन शून्य. मी शाकाहारी आहे, शुगरची गोळी चालू आहे. घरी आई ७८ वर्षांची, मुलगी यंदा बारावीला. धाकटा भाऊ साताऱ्याला असतो. मिसेस म्हणतात, खुशाल जा, मी बघते. साहेब म्हणतात, नाही म्हणालास तरी हरकत नाही, दुसऱ्याला पाठवू. हे ऐकल्यापासून झोप उडाली आहे. या वयात हे जमेल का? जावं की नको?

– एक वाचक, चिंचवड

दादा, नमस्कार.

जा. पण कंपनीच्या पत्रावर सही करण्याआधी आईशी, भावाशी आणि एचआरशी बोलून घ्या, आणि तेही याच क्रमाने. एचआर पहिल्या नंबरावर गेलं की घरची बोलणी राहून जातात, असं मी दर वेळी पाहिलंय.

वयाचं आधी संपवते. तुम्ही मूळ पत्रात वय चार वेळा लिहिलंय, वर 'आता शिकायचं वय राहिलं नाही' असंही. अहो, रात्री दोनला लाईन बंद पडल्यावर स्पिंडलच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे ओळखणाऱ्या माणसाला ते पाठवतायत. पंचविशीतल्या पोराला हे येत नाही म्हणूनच तुमचं नाव निघालंय. जर्मन कारखान्यात पिकल्या केसांच्या मेंटेनन्सवाल्याला मान असतो, तिथले बरेचसे तुमच्याच वयाचे असतील. आणि 'दुसऱ्याला पाठवू' हे साहेबांचं वाक्य मनातून काढून टाका. दुसरा जाईल या भीतीने गेलात तर डिसेंबरात त्या भीतीचा काही उपयोग होणार नाही.

आता आई. पत्रात तुम्ही तिच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत, तीही वय सांगण्यापुरती. मी तुमच्या जागी असते तर झोप तिच्यापायी उडाली असती, म्हणून उघडच लिहिते. मी तिकडे असताना आईला काही झालं तर पोचेन का? उत्तर असं आहे की बहुधा एका दिवसात पोचाल, पण खात्री नाही. श्टुटगार्टहून फ्रँकफर्ट विमानतळ वेगवान रेल्वेने सव्वा-दीड तासावर. फ्रँकफर्ट ते मुंबई थेट विमान साधारण आठ तासांचं, पण ते फोन आला त्याच वेळी निघत नाही. पुढे द्रुतगती मार्ग आहेच. फोन आल्यापासून चिंचवडच्या दारात पाय ठेवेपर्यंत १८ ते २४ तास धरून चाला. अंत्यविधीसाठी तेवढं थांबायचं की थांबायचं नाही, हे भावाशी आज बोला. त्या रात्री साताऱ्याहून धावत आलेल्या भावाला हा निर्णय एकट्याने घ्यायला लावू नका. नंतर वीस वर्षं घरात त्याचीच धुसफूस चालते.

आईशीही बोला. ७८ वर्षांच्या माणसाने हा हिशोब मनात कधीच मांडलेला असतो, विषय काढताना अडखळतो तो आपण. ती कदाचित म्हणेल, 'माझ्यासाठी अडू नकोस.' कदाचित म्हणेल, 'नको जाऊस.' दुसरं म्हणाली, आणि मनापासून म्हणाली, तर माझं 'जा' मी मागे घेते. तिची तब्येत कशी आहे ते मला माहीत नाही, तुम्हाला आहे. हृदयाचा किंवा किडनीचा मोठा आजार चालू असेल तर सहा महिन्यांची मागणी करून पाहा. लाईन उभी राहताना आणि चाचणीच्या वेळी तुम्ही लागणार. मधले काही महिने कमी करता येतात का, हे तुम्हालाच त्या लाईनचं वेळापत्रक बघून कळेल.

बारावीबद्दल माझं मत जरा उलटं आहे. बहुतेक बाप फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेला रजा टाकून येतात आणि घरात नुसते येरझारा घालतात. परीक्षेला तुमचं काही काम नाही. काम आहे ते पुढे. एप्रिल-मेमध्ये सीईटी होते, मग जूनपासून प्रवेशाच्या फेऱ्या, पर्याय भरणं, 'हे कॉलेज घेऊ की पुढच्या फेरीची वाट बघू' याची घालमेल. तेव्हा घरी या. कंपनी वर्षात एकदा येण्या-जाण्याचं तिकीट देत असेल तर ते जून-जुलैसाठी राखून ठेवा. आणि निघण्याआधी, म्हणजे ऑगस्टमध्येच, मुलीचे कागद पूर्ण करा. डोमिसाइल, तुम्हाला लागू असेल तर जातीचा दाखला आणि पडताळणी, नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला. यातल्या बऱ्याच कागदांना बापाची कागदपत्रं आणि सही लागते. जून महिन्यात सेतूच्या रांगेत मिसेस आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही, हे चित्र नको.

मिसेस 'मी बघते' म्हणाल्या. म्हणजे त्या बघतीलच, पण कशाने बघतील ते त्यांच्या हातात द्या. घरातली सगळी ओटीपी तुमच्याच नंबरवर येतात ना? तुमच्या पिढीतल्या शंभरातल्या नव्वद घरांत हेच असतं (हा आकडा माझ्या मनाचा आहे, मोजलेला नाही). बँक खातं जोड नावाने करा. लाइट बिल, गॅस, सोसायटी, विमा यांचे नंबर त्यांच्या मोबाइलवर घ्या. तुमचं सिम बंद पडू देऊ नका, परदेशात मेसेज येतील एवढं रोमिंग चालू ठेवा. आधार, पीएफ, बँक सगळं त्या एका नंबराला बांधलेलं आहे. फ्लॅटचा किंवा गावाकडच्या जमिनीचा काही व्यवहार अर्धवट असेल तर वकिलाकडून मुखत्यारपत्र करून जा.

मग एचआर. तिथे गोड बोलण्यावर जाऊ नका, सगळं लेखी मागा.

पहिली गोष्ट व्हिसाची. 'आधी बिझनेस व्हिसावर जा, मग बघू' असं कोणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा. तो व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा आणि बैठकांसाठी असतो, वर्षभर लाईनवर काम करायला तो चालत नाही. तुम्हाला दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा हवा. कंपनी आपल्याच समूहातल्या जर्मन कारखान्यात तज्ज्ञ म्हणून पाठवत असेल तर त्यासाठी 'आयसीटी कार्ड' नावाचा परवाना आहे. तो कागद कोणता, त्यावर कामाची परवानगी कोणत्या शब्दांत आहे, हे तिकीट काढण्याआधी स्वतः वाचा.

दुसरी गोष्ट पीएफची, आणि ही कोणी आपणहून सांगत नाही. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, १ मे २०१७ पासून लागू. भारतातल्या कंपनीने पाठवलेला माणूस ४८ महिन्यांपर्यंत इथल्याच पीएफमध्ये राहू शकतो आणि तिथल्या पेन्शनची वर्गणी त्याला भरावी लागत नाही. त्यासाठी पीएफ कार्यालयाकडून 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' काढावं लागतं. ते कंपनीने निघण्याआधी काढून दिलं पाहिजे. तुमची २६ वर्षांची सलग नोकरी आहे, ग्रॅच्युइटी आहे. त्यात खंड दाखवला जाणार नाही हे एका वाक्यात लिहून घ्या. परतल्यावरची तुमची जागा कोणती, तेही. वर्षभराने माणूस परत येतो, त्याच्या खुर्चीवर दुसरा बसलेला असतो आणि याला 'स्पेशल प्रोजेक्ट' नावाच्या कोपऱ्यात बसवतात. मी हे दोन ओळखीच्या घरांत पाहिलंय.

आरोग्य विमा त्या करारात येत नाही. साधा प्रवास विमा वर्षभर काम करणाऱ्या शुगरच्या माणसाला पुरत नाही, कारण आधीपासूनचा आजार तो बहुधा झाकत नाही. विमा कोणता, त्यात मधुमेह धरलाय का, हे विचारा. तातडीचं तिकीट कोण काढणार आणि रजा किती, हेही त्याच पत्रात हवं. पगार ढोबळ किती आणि हातात किती, घरभाडं कोण देणार, आणि ते भाडं 'काल्ट' की 'वार्म'. काल्ट म्हणजे नुसती जागा. वार्म म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. दोन्हींत चांगला फरक पडतो.

निघण्याच्या तारखेचा आयकराशी संबंध आहे. नोकरीसाठी बाहेर जाणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला, तर त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो. १ एप्रिलपासून मोजा, १८२ दिवस सप्टेंबरच्या अखेरीला भरतात. म्हणजे तुम्ही १५ सप्टेंबरला निघालात की ५ ऑक्टोबरला, यावर इथल्या विवरणपत्राची सगळी मांडणी बदलू शकते. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तो आपोआप लागू होत नाही. परदेशी पगाराचं काम केलेला सीए गाठा आणि त्याला तारीख ठरण्याआधी भेटा. तारीख ठरल्यावर तो फक्त फी घेईल.

आता तिथलं. मी २०११-१२ मध्ये एसलिंगेनला, म्हणजे श्टुटगार्टच्या कुशीतल्या गावात, १४ महिने राहिले आहे. माझी पहिली चूक अगदी साधी होती. घर मिळालं, चावी मिळाली, आणि खालच्या टपालपेटीवर मी माझं नावच लावलं नाही. जर्मनीत पत्ता फ्लॅट नंबराने चालत नाही, पेटीवरच्या आडनावाने चालतो. विम्याचं कार्ड दोनदा परत गेलं, बँकेचा पिन एकदा. महिनाभर मला वाटत होतं, सगळी कार्यालयं ढिली आहेत. चावी घेतली त्याच संध्याकाळी चिठ्ठी चिकटवा.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नोंदणी करायची, तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. घरमालकाची सही असलेला एक कागद त्याला लागतो. तो द्यायला कोणी कुरकुर करत असेल तर ते घर घेऊ नका. ही नोंदणी झाली की ११ आकडी कर क्रमांक टपालाने येतो, आणि बँकेसकट पुढची बरीच कामं याच नोंदणीवर अडलेली असतात. थोड्या दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, घरटी महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरायची. जाहिरात समजून फेकू नका, बरेच जण फेकतात आणि मग दंडासकट भरतात. घर कंपनीने दिलं तर उत्तम. स्वतः शोधायची वेळ आली तर 'चावी टपालाने पाठवतो, आधी पैसे भरा' म्हणणारा प्रत्येक जण ठग आहे असं समजा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढी, आणि कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते. 'म्योब्लीर्ट', म्हणजे सामानासकट, असंच घर बघा. नाहीतर तिकडे रिकामं घर म्हणजे इतकं रिकामं की स्वयंपाकघरात ओटा आणि सिंकसुद्धा नसतं.

श्टुटगार्टच्या मुलखाची एक खास रीत आहे, 'केरवोखे'. 'वोखे' म्हणजे आठवडा, आणि 'केर' तर तुम्हाला कळलंच. (झाडण्याला त्यांच्याकडे 'केरन' म्हणतात. योगायोग आहे, पण मला तो फार आवडतो.) आठवड्याला एका घराची पाळी. जिना, दाराबाहेरचा रस्ता, कधी तळघर झाडायचं, थंडीत बर्फसुद्धा बाजूला करायचा. तुमच्या दाराला पाटी लटकली की तुमचा आठवडा. मी पहिली पाळी विसरले आणि खालच्या मजल्यावरच्या आजींनी माझ्या दाराशी झाडू उभा करून ठेवला. एक शब्द न बोलता. दुसऱ्या पाळीला मी शनिवारी सकाळीच जिना पुसला, तर त्या सफरचंदाचा केक घेऊन वर आल्या. तुम्ही मेंटेनन्सवाले, तुम्हाला हे आमच्यापेक्षा सोपं जाईल. रविवारी मात्र मिक्सर लावू नका, ड्रिल तर नाहीच. रिकाम्या बाटल्याही त्या दिवशी काच टाकायच्या हौदात टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. दुकानं बंद असतात, त्यामुळे दूध-भाजी शनिवारी.

भाषेचं एवढं मनावर घेऊ नका. वेळ आहे तोवर पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा चिंचवडमध्येच कुठे प्राथमिक वर्ग लावा, परीक्षा दिली नाहीत तरी चालेल. आकडे मात्र पाठ करा, कारण मापं, पार्ट नंबर, वेळा सगळं त्यात. इथे मराठी माणसाला फायदा आहे. इंग्रजी 'ट्वेंटी-वन' म्हणतं, जर्मन 'आइन-उंड-त्स्वान्त्सिख', म्हणजे एक आणि वीस. एकवीसच की! आपण बावीस, तेवीस असंच मोजत आलोय. मग कारखान्याच्या शॉपवरचे शब्द घ्या. 'श्ट्योरुंग' म्हणजे बिघाड, 'नोट-आउस' म्हणजे मशीन तातडीने थांबवायचं लाल मशरूम बटण, 'शिष्ट' म्हणजे शिफ्ट. दुपारी जेवणाच्या सुमाराला समोरचा 'मालत्साइट' म्हणेल. जेवायला बोलावत नाहीये, तो त्या वेळचा नमस्कार आहे. तुम्हीही 'मालत्साइट' म्हणा आणि पुढे चला. चोवीस वर्षांचा मुलगा तुम्हाला पहिल्याच आठवड्यात 'डू', म्हणजे अरे-तुरे करेल. शॉपवर तसंच चालतं. त्याला इकडचा हिशोब लावू नका.

औषधं तीन महिन्यांची न्या, स्वतःच्या वापरापुरती तेवढी चालतात. मूळ वेष्टनात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि तिच्यात कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपल्याकडची ब्रँड नावं तिथल्या औषधवाल्याला काहीच सांगत नाहीत. जाऊन महिन्याभरात तिथला डॉक्टर गाठा, गोळ्या संपायची वाट बघू नका. एकटा माणूस परदेशात पाव, बटाटा आणि चीज यांवर जगायला लागतो आणि जानेवारीत शुगर कुठल्या कुठे गेलेली असते.

म्हणून स्वयंपाक शिका. दादा, हे मी गमतीत लिहीत नाहीये. वरण-भात, खिचडी, एक उसळ, पोळी जमेल तशी. ऑगस्टमधले चार रविवार मिसेसच्या हाताखाली उमेदवारी करा. डाळी, कोथिंबीर, भेंडी तुर्की दुकानात मिळते, पोळीची कणीक इंडियन दुकानात. तिथले लोक स्वतः मसूर खातात, त्यांचा आवडता पदार्थ आहे तो, फक्त त्यात सॉसेज घालतात, तेव्हा विचारून घ्या. इकडून लोणचं, पापड, गोडा मसाला, चटण्या न्या. पेढे आणि घरचं तूप नेऊ नका, दूध-मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. आईने डबा भरून दिला तरी तिला हे सांगा, नाहीतर तो डबा विमानतळावर कचऱ्यात जाईल आणि तुम्हाला वर्षभर आठवेल. फोडणी करताना खिडकी उघडा. छताला धुराचा भोंगा असतो आणि मोहरी तडतडली की त्याला आग लागल्यासारखं वाटतं.

अंधार हा मात्र खरा त्रास आहे. डिसेंबरात तिथे सकाळी सव्वाआठला उजाडतं आणि साडेचारला मावळतं. सकाळची शिफ्ट असेल तर अंधारात जाल. पण ती शिफ्ट मागून घ्या, कारण दुपारी सुटलात की तासभर उजेड मिळतो आणि घरी फोन करता येतो. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेतीन. हिवाळ्यात तिथले तीन म्हणजे आईचा संध्याकाळचा साडेसातचा दिवा. रोजचा फोन तेव्हाचाच ठेवा, दहा मिनिटं, मुलीच्या अभ्यासाची चौकशी न करता.

मी पहिले पाच महिने मोठी बॅग उघडलीच नव्हती. 'वर्षच तर आहे' म्हणून खुर्ची घेतली नाही, पडदा लावला नाही, ओट्याशी उभ्याने जेवायचे. फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी दोनला पांघरुणातून बाहेर यायची इच्छाच होईना, तेव्हा उठून बॅग रिकामी केली आणि सोमवारी जुन्या सामानाच्या दुकानातून दहा युरोंना एक लाकडी खुर्ची आणली. तुम्ही पहिल्या आठवड्यातच खुर्ची आणा. आणि महिन्याचं रेल्वे-बसचं देशभर चालणारं तिकीट काढा. ते मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, आता ६३ ला आहे. वेगवान गाड्या सोडून सगळ्यात चालतं. शनिवारी कुठेही जा, ट्युबिंगेनला, उल्मला, एकटेच. गणपतीच्या सुमारास तिथले मराठी लोक जमतातच, त्यांना भेटा. पण सगळे शनिवार त्यांच्याकडे पोहे खाण्यात घालवू नका.

कुकर नेताना स्टीलचा, जाड बुडाचा न्या. तिथल्या शेगड्या विजेच्या असतात आणि इंडक्शन असेल तर अल्युमिनियम तापणारच नाही. मिक्सर इथलाच चालतो, फक्त पिनेला अडॅप्टर लागतो. आणि कुकरच्या दोन जादा रिंगा बॅगेत टाका. माझी नोव्हेंबरात फाटली होती आणि पुण्याहून पाकीट येईपर्यंत मी तीन आठवडे पातेल्यात डाळ शिजवत बसले होते.

– ताई